वर्कहाऊसच्या आवारातली रुग्णालयं

मंडळी, दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत लंडनला लागून असलेल्या मिडलसेक्स कौंटीतली, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागातली, शेतं बघता बघता घरांखाली गेली. १९२१ साली साडेबारा लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या १९३१ साली सोळा लाखांच्या वर पोचली. मेट्रोपॉलिटन रेल्वे 'मेट्रोलँड'च्या, म्हणजे आपल्या मार्गालगतच्या नव्या उपनगरांच्या, जाहिराती करून माणसांना बाहेर खेचत होती, ग्रेट वेस्ट रोडला कारखाने उभे राहत होते. पण या नव्या घरात कुणाचं बाळंतपण अडलं, तर न्यायचं कुठे?

नामांकित धर्मादाय रुग्णालयं होती मध्य लंडनमध्ये. खुद्द 'मिडलसेक्स हॉस्पिटल'सुद्धा कौंटीच्या हद्दीबाहेर! १९११ च्या विमा कायद्याने कामगाराला डॉक्टर मिळाला. त्याच्या बायकोला आणि मुलांना नाही. ज्याला परवडे तो आठवड्याला तीन पेन्स भरून १९२२ साली निघालेल्या हॉस्पिटल सेव्हिंग असोसिएशनचा वर्गणीदार होई. मात्र जुनाट दुखण्याचे, खाट अडवून ठेवणारे म्हातारे रुग्ण धर्मादाय रुग्णालयांना नकोच असत.

मग उरलं वर्कहाऊस, म्हणजे कंगालांना ठेवण्याची सरकारी जागा. एडमंटन, आयझलवर्थ, विल्सडेन इथे तिला जोडून रुग्णविभाग होते. खाटा भरपूर, पण तिथे जायचं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं. म्हणून १९०४ पासून तिथे जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर वर्कहाऊसचं नाव न लिहिता साधा रस्त्याचा पत्ता टाकायची पद्धत पडली होती.

१९२९ चा स्थानिक शासन कायदा आणला आरोग्यमंत्री नेव्हिल चेंबरलेन यांनी. पुढे १९३८ साली पंतप्रधान म्हणून हिटलरला भेटून म्युनिकहून कराराचा कागद फडकावत परतले, तेच हे. १ एप्रिल १९३० पासून वर्कहाऊसं चालवणारी मंडळं बरखास्त झाली आणि त्यांचा कारभार कौंटी कौन्सिलकडे, म्हणजे कौंटीच्या निवडून आलेल्या परिषदेकडे, आला. यातली खरी मेख पुढे आहे. कौन्सिलला एखादं रुग्णालय गरीब-मदत समितीकडून काढून सार्वजनिक आरोग्य समितीकडे देता येत होतं. भिंती त्याच, खाटा त्याच. पण आता तिथे जाणारा कायद्याने कंगाल ठरत नव्हता. एका फाइलीने एवढं साधलं, हे मला त्या काळातल्या कुठल्याही नव्या इमारतीपेक्षा मोठं वाटतं. विल्सडेनचं झालं सेंट्रल मिडलसेक्स, आयझलवर्थचं वेस्ट मिडलसेक्स. फुकट मात्र काही नव्हतं. कुटुंबाची मिळकत बघून, झेपेल तेवढे पैसे वसूल करणं कौन्सिलला कायद्यानेच बंधनकारक होतं.

कौन्सिलने नवंही बांधलं. हेअरफिल्डला क्षयरोग्यांसाठी मोकळी हवा नि ऊन मिळेल असं प्रशस्त आरोग्यधाम १९३७ साली उघडलं. सेंट्रल मिडलसेक्सला १९३५ मध्ये डॉ. होरेस जूल्ससारखे फिजिशियन आले आणि पूर्वी ज्या आवाराचं नाव काढायला लोक लाजत, तिथे डॉक्टर शिकायला येऊ लागले. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा ही सगळी रुग्णालयं कौंटीच्या हातून सरकारकडे गेली.