चार नंबरच्या खाटेसाठी

नमस्कार श्रोतेहो.

आज प्रार्थनेविषयी बोलायचं आहे, तेव्हा आधीच एक कबुली देऊन टाकते. मी काही फार देवभक्त बाई नाही. वडिलांनी लहानपणी पाठ करून घेतलेल्या प्रार्थना कॉलेजात गेल्यावर सुटल्या, त्या सुटल्याच. त्यामुळे ‘श्रद्धा ठेवा, सगळं ठीक होईल’ हे वाक्य माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. कधीकधी नाही होत ठीक. आमच्या घरी झालं नाही.

माझी आई 11 दिवस आयसीयूत होती. आयसीयूच्या बाहेर रात्र काढलेली माणसं तुमच्यात बरीच असतील, त्यांना वर्णन करून सांगायला नको. लोखंडी बाक, कुणाची तरी उशाला घेतलेली पिशवी, दार उघडलं की आतून येणारा तो टिक टिक आवाज, आणि दार मिटलं की पुन्हा शांतता. दर वेळी दार उघडलं की बाकावरची सगळी डोकी एकदम वर होतात. नाव आपलं नसलं की सुटकेचा श्वास टाकतो आपण, आणि लगेच लाज वाटते, कारण नाव दुसऱ्या कुणाचं तरी असतंच.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथेही रोजची प्रार्थना चुकवत नव्हते. पुटपुटत बसायचे. शेवटी आतल्या पेशंटांची यादी यायची. नावं ठाऊक नव्हती, म्हणून खाटेच्या नंबरावरून. दोन नंबरच्या आजी. सात नंबरचे ते मास्तर. चार नंबरचा मुलगा, ज्याचा मोटारसायकलवर अपघात झाला होता. आधी हे सगळे, मग आई. मला तर राग यायचा. म्हटलं, आपल्या माणसाचं आधी मागा की!

नवव्या रात्री डॉक्टर बाहेर येऊन बोलले. त्यांनी आडपडदा ठेवला नाही, त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. ते गेल्यावर अण्णा बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसले. मग म्हणाले, “आज माझ्याच्यानं म्हणवत नाही गं. तू म्हण.”

मी? वीस वर्षांत एक ओळ म्हटली नव्हती. पण तोंड उघडलं आणि पहिल्या दोन ओळी आपोआप आल्या. तिसरी काही केल्या आठवेना. पुन्हा पहिलीपासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकले. असं चार-पाच वेळा झालं असेल. शेवटी गप्प बसले. शेजारच्या बाकावर एक वयस्क गृहस्थ होते, हातात तसबीह, म्हणजे मुसलमानांची जपमाळ, बोटं सारखी मण्यांवर फिरत असलेली. ते म्हणाले, “थांबलात का? म्हणा ना. तेवढ्याच दोन म्हणा.”

मग तेवढ्याच दोन म्हटल्या. पहाटेपर्यंत.

पाठांतराला आपण नावं ठेवतो. पोपटपंची म्हणतो, मीही म्हणत आले. त्या रात्री कळलं की स्वतःचा म्हणून एकही शब्द उरत नाही, तेव्हा कामाला येतात ते हे उसने, घासून गुळगुळीत झालेले शब्दच. जपमाळेचे 108 मणी, तसबीहचे 99 किंवा 33, रोझरीतले, म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती लोकांच्या जपमाळेतले, दहा-दहाचे पाच गट; धर्म वेगळे, पण डोकं चालत नसताना बोटांना काम देण्याची युक्ती एकच. इटलीतल्या संशोधकांनी 2001 साली 23 जणांवर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. रोझरीची लॅटिन प्रार्थना म्हणताना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ म्हणताना, दोन्ही वेळा माणसांचा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारली. एरवी आपण मिनिटाला बारा-पंधरा श्वास घेतो. बाकावर बसलेल्या माणसाला हा अर्धा झालेला श्वासही पुष्कळ असतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 2006 साली अमेरिकेत एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा रुग्णालयं, हृदयाची बायपास झालेले 1802 रुग्ण. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. बरं होण्यात फरक पडला नाही. उलट, ‘तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे’ असं ज्यांना आधीच सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच दिसली. तो निव्वळ योगायोग असू शकतो, असं संशोधकांनीच म्हटलं. मला गंमत वाटते ती अशी, की हे वाचून माझी प्रार्थना सुटली नाही. हे नाणं टाकून माल बाहेर येणारं यंत्र नव्हे, एवढं अण्णांना आधीच ठाऊक होतं.

आई अकराव्या दिवशी गेली.

त्यानंतर अण्णांची प्रार्थना बंद झाली. आम्ही कुणी विषय काढला नाही. पंधरा-वीस दिवसांनी एका संध्याकाळी त्यांच्या खोलीतून आवाज आला. कुणाशी तरी भांडत होते. आत डोकावले तर एकटेच. “कुणाशी बोलताय?” म्हटलं. म्हणाले, “त्याच्याशीच. जाब विचारतोय. तू जा, आमचं चालू दे.”

मी दार ओढून घेतलं. खरं सांगते, त्या दिवशी मला पहिल्यांदा धीर आला. जो माणूस अजून भांडतो आहे, त्यानं नातं तोडलेलं नसतं. आणि हे भांडण आपल्याकडे फार जुनं आहे. तुकोबांचा 1630च्या दुष्काळात धंदा बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. पुढे त्यांनी विठ्ठलाला काय काय सुनावलं ते गाथेत आहेच. जनाबाईनं तर त्याला सरळ शिव्या घातल्या. बायबलमधला ईयोब देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. तिथल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश ही गाऱ्हाणी आहेत, आणि त्यातलं अठ्ठ्याऐंशीवं तर काळोखातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. तरी ज्यांनी ही स्तोत्रं एकत्र केली, त्यांनी ते गाळलं नाही. प्रार्थना म्हणून ठेवलं.

त्यामुळे कुणी दुःखात असताना ‘देवाला असं बोलू नये’ म्हणणाऱ्यांचं मला काही पटत नाही. बोलू द्यावं. आणि ज्याला काहीच बोलायचं नसेल, त्याच्यासाठी आपण शेजारच्या बाकावर बसावं, त्या गृहस्थांसारखं. तिसरी ओळ मला पुढे सापडली, पण का कोण जाणे, मी अजून दोनच म्हणते.

अण्णांचं भांडण कधी मिटलं, की मिटलंच नाही, मला माहीत नाही. पण काही महिन्यांनी पुटपुटणं पुन्हा ऐकू येऊ लागलं. आता या गोष्टीला तीन वर्षं झाली. परवा मी त्यांच्या खोलीत काहीतरी शोधत होते आणि शेवटची यादी कानावर आली. आमची सगळ्यांची नावं, आणि मध्येच, चार नंबरचा मुलगा.

मी म्हटलं, “अण्णा, अहो, तो केव्हाच घरी गेला असेल. किंवा...” पुढचं बोलले नाही.

अण्णांनी डोळे उघडले नाहीत. “घरी गेला असेल ना? बरं,” म्हणाले, “मग आज कामावर वेळेत पोचू दे त्याला. आणि गाडी हळू चालवू दे.”