खरेदीखत आणि लष्करी हुकूम: साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरची मुक्ती

मंडळी, १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. निग्रो गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्यांनी जो स्वार्थत्याग केला, त्याबद्दलचा तो आदर होता. ही अर्पणपत्रिका आपल्याकडे भाषणाभाषणांतून ऐकायला मिळते. पण त्याच सुमारास तिकडे काय चाललं होतं, ते फारसं कोणी सांगत नाही. आज तेवढंच सांगतो, तेही एका राज्याचं. त्यातला बराच वेळ आपण त्या राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या दोन बेटांवर असू.

राज्य म्हणजे साउथ कॅरोलायना. १८६०च्या शिरगणतीत तिथे ७ लाख ३ हजार लोक होते, आणि त्यांतले ४ लाख २ हजार गुलाम. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं दुसऱ्याच्या मालकीची. किनाऱ्यावर भात आणि लांब धाग्याचा कापूस पिकायचा आणि त्यावर चार्ल्सटनचे वाडे उभे राहायचे. गुलामगिरीचा विरोधक लिंकन अध्यक्ष म्हणून निवडून आला आणि संघराज्यातून फुटणारं पहिलं राज्य हेच ठरलं. तारीख २० डिसेंबर १८६०. ठरावाच्या बाजूने १६९ मतं, विरोधात एकही नाही. पुढे ‘आम्ही राज्यांच्या हक्कांसाठी लढलो’ असं म्हणायची तिकडे रीत पडली. त्यांनी फुटताना काढलेला जाहीरनामाच वाचावा. उत्तरेतली राज्यं आमचे पळालेले गुलाम परत करत नाहीत, ही त्यातली मोठी तक्रार आहे. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपले हक्क वापरले, हाच तर राग होता!

एप्रिल १८६१मध्ये चार्ल्सटनच्या बंदरातल्या सम्टर किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा सुटल्या, किल्ला त्यांच्या हाती गेला आणि युद्ध पेटलं. दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमाराने अडवली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आपल्या खानदेश-वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरांचा कसा धुमाकूळ झाला आणि १८६५मध्ये युद्ध संपताच किती पेढ्या बसल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. ती कथा इथेच सोडतो.

७ नोव्हेंबर १८६१. उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलची खाडी घेतली. ब्यूफर्ट गावातले आणि आसपासच्या बेटांवरचे गोरे मळेवाले घाईघाईने पळाले. गुलाम मात्र मागेच राहिले, सुमारे १० हजार. युद्ध सुरू होऊन सात महिने झाले होते, लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा अजून वर्षभर लांब होता, आणि इथे मालक नसलेली ही एवढी माणसं. कायद्याने ना गुलाम, ना स्वतंत्र. उत्तरेतून शिक्षक आले. ब्यूफर्टजवळच्या सेंट हेलेना बेटावर लॉरा टाऊन आणि एलन मरे यांनी १८६२मध्ये पेन स्कूल सुरू केलं. शाळेत मुलं यायची, तशी मोठी माणसंही यायची. ज्या राज्यात गुलामाला लिहायला शिकवणं गुन्हा होता, तिथे.

आता याच ब्यूफर्टच्या एका माणसाकडे येऊ. रॉबर्ट स्मॉल्स, जन्म १८३९, मालकाच्या घरामागच्या खोपटात. युद्धात तो चार्ल्सटनला दक्षिणेच्या ‘प्लँटर’ नावाच्या लष्करी बोटीवर सुकाणू धरायचा. १३ मे १८६२च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेले होते. स्मॉल्सने बोट सुरू केली, ठरलेल्या धक्क्यावरून बायकामुलांना घेतलं, आणि कप्तानाची रुंद काठाची गवती हॅट डोक्यावर घालून, त्याच्यासारखाच उभा राहून सम्टर किल्ल्यासमोरून निघाला. शिट्टीचा खुणेचा सूर त्याला पाठ होता, तो त्याने बरोबर वाजवला. किल्ल्यावरच्यांना वाटलं, आपलीच बोट. तोफांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर त्याने दक्षिणेचा झेंडा उतरवून पांढरी चादर चढवली आणि बोट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. संघराज्याच्या सरकारने बक्षीस दिलं, त्याच्या वाट्याला १५०० डॉलर आले.

आणि त्याने काय केलं? ब्यूफर्टमधलं तेच घर विकत घेतलं, ज्याच्या मागे तो जन्मला होता.

हे घर विकायला कसं निघालं, ते नीट समजून घ्या, कारण आजच्या विषयाची किल्ली तिथेच आहे. युद्धाच्या खर्चासाठी संघराज्याने जमिनीवर थेट कर बसवला होता. पळालेले मालक कर भरायला येणार कुठून? थकबाकीपोटी सेंट हेलेना भागातले मळे आणि ब्यूफर्टमधली घरं सरकारने लिलावात काढली. पुष्कळ जमीन उत्तरेतल्या गोऱ्या पैसेवाल्यांनीच घेतली, हेही खरं. पण काही मुक्त गुलामांनी पैसा पैसा जोडून, एकत्र येऊन बोली लावली. त्यांच्या हातात आलं ते रीतसर खरेदीखत.

शेजारच्या एडिस्टो बेटावर वेगळंच घडलं. जानेवारी १८६५मध्ये उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल शर्मनने विशेष हुकूम क्रमांक १५ काढला. चार्ल्सटनच्या दक्षिणेची बेटं आणि किनारपट्टी मुक्त झालेल्या कुटुंबांना, दर कुटुंबाला ४० एकरांपर्यंत. सुमारे ४० हजार लोक त्या जमिनीवर बसले, पेरण्या झाल्या. पण हातात होती फक्त ताब्याची चिठ्ठी. एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला. नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर मळेवाल्यांना माफी देऊन जमिनी परत करायला सुरुवात केली.

हे त्या लोकांना सांगायचं कोणी? ऑक्टोबर १८६५मध्ये जनरल हॉवर्ड एडिस्टोला गेले. मुक्त झालेल्यांच्या कल्याणासाठीच्या खात्याचे ते प्रमुख. युद्धात त्यांचा उजवा हात गेला होता. बिचाऱ्यांना स्वतःलाच हा निर्णय पसंत नव्हता. चर्च गच्च भरलं होतं. जुन्या मालकांना क्षमा करा, त्यांच्याशी मजुरीचे करार करा, असं त्यांनी सांगितलं. लोकांनी एक समिती नेमून त्यांना लेखी उत्तर दिलं. त्याचा आशय असा: तुमचा फक्त उजवा हात गेला, तुम्ही कदाचित क्षमा कराल. पण ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून फोडून काढलं, आणि जो आज मला त्याच्या रिकाम्या झोपडीतही राहू देत नाही, त्याने ठरवलेल्या दराने त्याचं शेत केल्याशिवाय, त्या माणसाला क्षमा करणं मला जमणार नाही.

त्यांचं म्हणणं फेटाळलं गेलं. दीडशे वर्षांपूर्वीचं ते पत्र मला त्या काळातल्या कुठल्याही भाषणापेक्षा मोठं वाटतं. त्यात स्वातंत्र्याची व्याख्या नाही, हिशेब आहे. जमीन नसली की त्याच माणसाच्या दारात जावं लागणार, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. आणि झालंही तसंच. त्याच वर्षी राज्याच्या गोऱ्या विधिमंडळाने खास कृष्णवर्णीयांसाठी कायदे केले. करारावर राहणारा तो ‘नोकर’, ठेवणारा तो ‘मालक’, असे शब्दच कायद्यात. सालगडी व्हायला आडकाठी नाही. पण दुकान टाकायचं तर न्यायाधीशाचा परवाना आणि वर्षाला १०० डॉलर. लष्करी अधिकाऱ्यांनी ते कायदे लगेच रोखले. पण मनातलं कागदावर उतरलं होतंच.

मग १८६७मध्ये संसदेने सूत्रं हाती घेतली. १८६८च्या जानेवारीत चार्ल्सटनमध्ये नवी राज्यघटना लिहायला सभा भरली, आणि तिच्यात बहुमत कृष्णवर्णीयांचं! मालमत्तेच्या अटीशिवाय पुरुषांना मत, सर्वांना खुल्या सरकारी शाळा, कर्जापायी तुरुंग बंद. गोऱ्या गरिबांनाही या राज्यात इतकं कधी मिळालं नव्हतं. जोसेफ रेनी, मूळचा न्हावी, १८७०मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात बसणारा पहिला कृष्णवर्णीय झाला. फुल्यांनी अर्पणपत्रिका लिहिली त्या वर्षी राज्याच्या कनिष्ठ सभागृहात बहुमत या लोकांचं होतं, आणि विद्यापीठाचे दरवाजे त्यांच्या मुलांना उघडले होते. भ्रष्टाचार? होता. गव्हर्नर मोझेस हा गोरा गृहस्थ तर त्यासाठी कुप्रसिद्धच आहे. पण सरकार उलथवणाऱ्यांना खटकत होता तो भ्रष्टाचार नव्हे, नाहीतर त्यांनी हिशेबतपासनीस पाठवले असते, बंदूकवाले नव्हे.

१८७१मध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त दहशतवादी संघटनेने राज्याच्या वरच्या भागात इतका उच्छाद मांडला की अध्यक्ष ग्रँट यांना नऊ परगण्यांत बंदीप्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे अटकेला कोर्टात आव्हान देण्याचा, हक्क स्थगित करावा लागला. जुलै १८७६मध्ये हॅम्बर्ग गावात कृष्णवर्णीय शिबंदीवर हल्ला झाला. पकडलेल्यांना एकेक करून गोळ्या घातल्या. त्या शरद ऋतूत लाल सदरे घातलेले घोडेस्वार मतदारांना धमकावत फिरले. निवडणुकीनंतर राज्यात दोन गव्हर्नर आणि दोन विधानसभा! एप्रिल १८७७मध्ये संघराज्याचं सैन्य विधानभवनातून निघालं आणि लाल सदरेवाल्यांचे उमेदवार वेड हॅम्प्टन गव्हर्नरच्या खुर्चीवर बसले.

आता त्या दोन कागदांकडे बघा. शर्मनच्या चिठ्ठ्या १८६५-६६मध्येच निकामी झाल्या होत्या. लिलावाची खरेदीखतं मात्र टिकली. स्मॉल्सच्या घरावर आधीच्या मालकाने दावा लावला, तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १८७८च्या सत्रात निकाल स्मॉल्सच्या बाजूने लागला. ब्यूफर्टमध्ये घर, शेत, बोट स्वतःची असणारे कृष्णवर्णीय पुष्कळ होते, म्हणून तिथली मतं लवकर दबली नाहीत. बाकी राज्य गेलं तरी स्मॉल्स १८८७पर्यंत अधूनमधून संसदेत निवडून येत राहिला. मालकाच्या शेतात अर्धेलीने राबणाऱ्याला मत द्यायला जाताना मालकाचं तोंड बघावं लागतं. ब्यूफर्टच्या माणसाला लागत नव्हतं.

अखेर कायद्यानेच हे मतदान संपवलं. १८९५च्या घटनासभेत १६० सभासदांत कृष्णवर्णीय सहा. स्मॉल्स त्यांतला एक. तो उभा राहून बोलला, भांडला. तरी साक्षरतेची अट आणि मतदानासाठी डोईपट्टी मंजूर झाली.

जमीन मात्र पुढच्या पिढ्यांकडे गेली, आणि तिथे नवीच अडचण. मृत्युपत्रं कोणी केली नाहीत. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारसांची रांग लागते, तशी तिथे एकेका तुकड्यावर नातवंडं-पणतवंडं सामाईक. विसाव्या शतकात शेजारच्या हिल्टन हेड बेटावर गोल्फची मैदानं आणि हॉटेलं आली. एखाद्या लांबच्या वारसाचा हिस्सा विकत घ्यायचा, वाटपाचा दावा लावायचा, आणि सगळा तुकडा कोर्टाकडून लिलावात काढायचा, असा धंदाच झाला. २०१६मध्ये राज्याने याला आवर घालणारा कायदा केला. चार्ल्सटनच्या चर्चमध्ये २०१५ साली ज्यांची हत्या झाली, त्या पाद्री आणि राज्य सिनेटर क्लेमेंटा पिंकनी यांचं नाव त्याला आहे. आता वाटपाचा दावा आला की आधी जमिनीचं मोल ठरवावं लागतं, आणि लिलावाआधी तो हिस्सा घेण्याची पहिली संधी बाकीच्या वारसांना मिळते.