बर्ड्सव्हिल ट्रॅकवर जाण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार. ऑस्ट्रेलियात हिवाळा लागला की ॲडलेड-मेलबर्नकडची आपली मराठी मंडळीही गाड्या काढून आउटबॅककडे, म्हणजे देशाच्या विरळ वस्तीच्या अंतर्भागाकडे, निघतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातील मारीहून क्वीन्सलंडमधील बर्ड्सव्हिलला जाणारा बर्ड्सव्हिल ट्रॅक हा असाच सुमारे ५२० किलोमीटरचा कच्चा रस्ता असून, एकेकाळी त्यावरून गुरांचे कळप मारीच्या रेल्वे स्थानकापर्यंत हाकून नेत असत. या रस्त्यासाठी गाडी कशी सज्ज करावी, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

इथे गाडीला खड्ड्यांपेक्षा खडखडाटाचा त्रास अधिक होतो. वाहनांच्या वर्दळीने रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या उमटतात आणि तासन्‌तास त्यांवरून धावताना बॅटरीची पट्टी, टपावरच्या कॅरिअरचे बोल्ट, शॉक ॲब्सॉर्बरचे बुश (जोडावरचे रबरी तुकडे), असे जे जे किंचित सैल असेल ते निखळू लागते. म्हणून निघण्यापूर्वी गॅरेजमध्ये गाडी वर उचलून खालचे नट-बोल्ट पान्हा लावून तपासून घ्यावेत आणि वाटेत प्रत्येक मुक्कामी पुन्हा पाहावेत. हौशी मंडळींना हे काम कंटाळवाणे वाटते, त्यांचा जीव विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) आणि जादा दिव्यांत असतो. माझ्या मते मात्र या रस्त्यावर विंच नसली तरी निभावते, सैल बॅटरी निभावत नाही.

टायरचा विचार सर्वांत बारकाईने करावा. वाटेतल्या स्टर्ट स्टोनी डेझर्ट या दगडाळ वाळवंटाच्या भागात ‘गिबर’ नावाचे दगड पसरलेले असतात आणि शहरी टायरची पातळ बाजू त्यांच्या धारेने चिरली जाते. चिरलेली बाजू पंक्चरसारखी काढता येत नाही. त्यामुळे लाइट ट्रक प्रतीचे मजबूत टायर आणि त्याच मापाच्या दोन स्टेपन्या असाव्यात. डांबरी रस्ता संपताच हवा साधारण पाव हिश्शाने कमी केली की टायर दगडावर आदळण्याऐवजी त्यावर दबून जातो. मात्र कमी हवेचा टायर वेगात तापून फुटू शकतो, तेव्हा वेग उतरवलाच पाहिजे, आणि पुन्हा डांबर लागताच हवा भरण्यासाठी कॉम्प्रेसर जवळ हवा.

टपाची भारक्षमता मोजताना कॅरिअरचे वजनही धरावे. जड सामान खाली, चाकांच्या मध्ये ठेवावे. पाणी माणशी रोज दहा लिटर या हिशेबाने घ्यावे, पण एकाच टाकीत नव्हे, कारण एक गळली तरी दुसरी उरते. इंधन वाटेत मुंगरॅनीला मिळते, तरीही मारीलाच टाकी काठोकाठ भरून घ्यावी.

मोबाइलला बहुतेक रस्ताभर रेंज नसल्याने सॅटेलाइट फोन किंवा आपत्कालीन बीकन (संकटात आपले ठिकाण कळवणारे संदेशयंत्र) सोबत ठेवावा आणि परतण्याची तारीख घरी सांगून निघावे. गाडी बंद पडली तर पायी मदत शोधायला जाऊ नये: शोधपथकाला वरून माणसापेक्षा गाडी लवकर दिसते, आणि सावली व पाणीही तिच्याचपाशी असते.