पॉवर सप्लाय: तयार घ्यायचा की बनवून घ्यायचा?

(भोसरीत लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मागेपर्यंत येतोय ना आवाज? बरं. मला पाऊण तास दिलाय, त्यातला बराचसा सत्कारात गेला. शाल छान आहे, पण हॉलचा एसी बंद आहे हेही आयोजकांनी लक्षात घ्यावं.

आपल्या धंद्यात सगळ्यात शेवटी आठवण होते ती पॉवर सप्लायची, म्हणजे लाईनच्या विजेतून मशीनला लागणारे व्होल्ट काढून देणाऱ्या भागाची. बोर्ड तयार, फर्मवेअर तयार, डबा मोल्ड होऊन आलाय, आणि मग कोणीतरी विचारतं, अरे याला सप्लाय कुठला लावायचा? मग एक पोरगा पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत पिटाळला जातो, तो चार सप्लाय घेऊन येतो, एकही डब्यात बसत नाही, आणि साहेब म्हणतात, चला, कस्टम, म्हणजे खास आपल्यापुरता करून घेऊ. म्हणजे कस्टमचा निर्णय इंजिनिअर घेतच नाही, डब्यात उरलेली जागा घेते. हसताय, पण हसणाऱ्यांपैकी दोघांचे डबे मी उघडून बघितलेत.

उलट्या बाजूने जाणारेही झालेत. ॲपल टू कॉम्प्युटर, १९७७ सालचा. स्टीव्ह जॉब्सना पंख्याची घरघर नको होती, तर रॉड होल्ट या इंजिनिअरने त्यासाठी खास ३८ वॅटचा स्विचिंग सप्लाय केला, म्हणजे वीज वेगाने चालू-बंद करत व्होल्ट बदलणारा, त्यामुळे गार राहणारा. तो जगातला पहिला वगैरे नव्हता हं, ती नंतर पसरवलेली दंतकथा. पण पंखा नको हे आधी ठरलं आणि सप्लाय त्यावरून ठरला, क्रम बघा. आपल्याकडे क्रम काय, तर आधी डब्याचा रंग.

आता माझं आवडतं दुखणं सांगतो. ज्यांनी आधी ऐकलंय त्यांनी मोबाइल बघायला हरकत नाही.

सांगली-कोल्हापूर पट्ट्यात गावोगावच्या दूध संस्थांमध्ये जी मशीनं असतात ना, फॅट काढायचं, वजनकाटा, पावतीचा छोटा प्रिंटर, तसली मशीनं बनवणारी एक कंपनी, नाव नको. त्यांना ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि प्रिंटरला २४ व्होल्ट असे तीन आउटपुट हवे होते. तीन वेगळे सप्लाय महाग पडतात म्हणून एकाच फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे स्विचिंग सप्लायच्या एका साध्या प्रकारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, तारेची तीन वाइंडिंग, आणि फीडबॅक, म्हणजे आउटपुट बघून सप्लाय सावरायचा तो, फक्त ५ व्होल्टवरून, असा कस्टम सप्लाय बाहेरून करून घेतला. आता ज्यांनी हे केलंय त्यांना माहितीय, फीडबॅक ज्याचा तोच आउटपुट शिस्तीत राहतो, बाकीचे दोघे लोडप्रमाणे वरखाली होतात. पावती छापायला लागली की १२ व्होल्ट हलायचा आणि काट्याचा आकडा नाचायचा. शेतकरी समोर उभा, त्याचं दूध वजनात कमी दाखवतंय, सचिव म्हणतोय मशीन कंपनीची आहे आमचा काय संबंध. शेवटी फर्मवेअरवाल्याने जुगाड केला, प्रिंटर चालू असताना वजन वाचायचंच नाही. चाललं.

चाललं म्हणजे दोन-तीन वर्षं व्यवस्थित चाललं. मग एका लॉटपासून मॉसफेट, म्हणजे सप्लायमधला वेगाने चालू-बंद होणारा स्विच, उडायला लागले. बरं, एकदम नाही, कुठे पंधरा दिवसांनी, कुठे दोन महिन्यांनी. सप्लायवाला म्हणतो तुमची लाईन खराब, कंपनी म्हणते तुझा माल खराब, आणि त्या भांडणात मला बोलावलं. मी ट्रान्सफॉर्मर कॉइल मोजायच्या एलसीआर मीटरवर लावला, प्रायमरीचं, म्हणजे लाईनकडच्या वाइंडिंगचं इंडक्टन्स जुन्या-नव्याचं डिट्टो सारखं. तोच कोअर, तोच बॉबिन, पिवळी टेपसुद्धा तीच. मग सेकंडरी, म्हणजे आउटपुटकडचं वाइंडिंग, शॉर्ट करून मोजलं, म्हणजे लीकेज इंडक्टन्स, दोन वाइंडिंगची जोडणी जेवढी सैल तेवढं हे जास्त, तर नव्याचं जुन्याच्या जवळपास दुप्पट! मग टेप सोलत बसलो, एकेक थर उलगडत. जुन्यात अर्धी प्रायमरी, मग सेकंडऱ्या, वरून उरलेली अर्धी प्रायमरी, सँडविच वाइंडिंग. नव्यात सगळी प्रायमरी खाली आणि सेकंडऱ्या वर. वाइंडिंग करणारा कारागीर बदलला होता, नव्याला अशी सोपी वाटली, त्याने सोपी केली. टर्न्स बरोबर, त्यामुळे व्होल्टेज बरोबर, त्यामुळे टेस्टिंगला पास. फक्त मॉसफेट बंद होताना उसळणारा स्पाइक वाढला, आणि मॉसफेट रोज थोडाथोडा मार खात होता.

पण माझी तक्रार त्या कारागिरावर नाहीये. मी कंपनीला म्हटलं, वाइंडिंग शीट काढा, त्यात थरांचा क्रम लिहिला असेल. तर शीट त्यांच्याकडे नाही! सप्लायवाला म्हणे, डिझाइन आमचं, शीट देणार नाही. सर्किट डायग्रामही नाही. डिझाइनचे पैसे यांनी दिले, गावोगावच्या चेअरमनच्या शिव्या यांनी खाल्ल्या, आणि कागद दुसऱ्याच्या कपाटात. याला कस्टम म्हणतात होय? आणि अशा कंपन्या एक नाही, ढिगाने आहेत, आणि सगळ्यांच्या खरेदी खात्याला नगामागे किती वाचले ते मात्र पैशापर्यंत पाठ.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. अजून मूळ विषयाला हातच लावला नाही. तर पटापट.

पहिलं म्हणजे हिशोब. समजा डिझाइन, सॅम्पल, टेस्टिंग मिळून एकदाचा खर्च ६ लाख आणि नगामागे वाचतात १५० रुपये, तर ४००० नग विकेपर्यंत तुम्ही बरोबरीतही नाही. वर्षाला ५०० नग विकणाऱ्याने, सप्लाय तयार मिळत असेल तर, कस्टमचं नावही काढू नये. त्यात सर्टिफिकेशन. बाहेरचा ॲडॉप्टर चालत असेल तर बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या रजिस्ट्रेशनवाला घ्या, लेबलवर रजिस्ट्रेशनचा आर नंबर बघा. मेडिकलवाले कोणी आहेत का? तुम्ही तर स्वतः करूच नका. पेशंटला हृदयाशी जोडलेल्या पार्टमधून नॉर्मल अवस्थेत १० मायक्रोअँपच्या वर लीकेज, म्हणजे झिरपणारा करंट, चालत नाही. मेडिकल उपकरणांच्या सुरक्षेचं स्टँडर्ड ६०६०१, त्याचे रिपोर्ट असलेले तयार सप्लाय मिळतात, ते महाग असले तरी घ्या.

दुसरं, आपली लाईन. स्टँडर्ड सप्लायवर ८५ ते २६४ व्होल्ट लिहिलेलं असतं. आतला कपॅसिटर एसीच्या लाटेच्या टोकापर्यंत भरतो, म्हणजे २६४ ला त्यावर ३७३ व्होल्ट येतात, कपॅसिटर असतो ४०० चा. रात्री पंप बंद झाले की गावात व्होल्टेज चढतं, आणि डीपीचा न्यूट्रल तुटला की काही घरांत ३०० च्या वर जातं, म्हणजे कपॅसिटरवर ४२४. संपला. काही चांगल्या सिरीज ३०० व्होल्ट पाच सेकंद सोसतात, पण वायरमन पाच सेकंदांत येत नाही. अशा वेळी अख्खा सप्लाय कस्टम करायची गरज नाही, पुढे एक छोटा बोर्ड आपला टाका, झटका शोषणारा एमओव्ही, फ्यूज आणि व्होल्टेज चढलं की तोडणारा रिले. थाळी हॉटेलची आणि लोणचं घरचं. दूधवाल्यांनीही तेच करायला हवं होतं, २४ व्होल्टचा तयार सप्लाय आणि ५ नि १२ आपल्याच बोर्डवर डीसी-डीसी कन्व्हर्टरने. प्रिंटर कितीही ओढो, काटा हलला नसता.

मग कस्टम कधी? शेतीपंपाचा मोबाइल स्टार्टर घ्या, फोनवरून पंप चालू-बंद करणारा. तिथे पेटीत न्यूट्रलच नसतो, दोन फेजमधून ४१५ घ्यायचे, रात्री ते आणखी चढणार. समजा ५०० धरले तर डीसी ७०७, म्हणजे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये, दोघांवर व्होल्टेज सारखं वाटणारे बॅलन्सिंगचे रेझिस्टर, आणि साधा ६५०-७०० व्होल्टचा मॉसफेट उपयोगाचा नाही. १८० ते ५५० व्होल्टचे तयार सप्लाय मिळतात, पण तो सप्लाय घेतला तर स्टार्टर शेतकऱ्याला परवडणार नाही. इथे वॅट कमी, नग हजारोंनी, लाईन विचित्र, करा कस्टम, बिनधास्त. फक्त वाइंडिंग शीट, सर्किट, पार्ट लिस्ट आणि लीकेज इंडक्टन्सची कमाल मर्यादा पर्चेस ऑर्डरमध्ये लिहून घ्या, ॲडव्हान्स द्यायच्या आधी. नंतर कोणी देत नाही.

उष्णता राहिली. एका मिनिटात सांगतो. तयार सप्लायचे वॅट बहुतेक वेळा ५० डिग्रीपर्यंतचे असतात, पुढे कमी होत जातात, डेटाशीटच्या शेवटी ग्राफ असतो, तो कोणी बघत नाही. आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० डिग्रीला साधारण निम्मं होतं. १०५ डिग्रीला २००० तासांचा कपॅसिटर ६५ ला ३२,००० तास चालेल, म्हणजे दिवसरात्र चालवला तर साडेतीन वर्षांच्या थोडं वर. तुम्ही वॉरंटी किती देता?

हां, मागे हात वर झालाय. स्टँडर्डचंही मॉडेल बंद पडलं तर काय करायचं? चांगला प्रश्न. डबा काढतानाच दोन कंपन्यांच्या मापाची भोकं ठेवा, आणि कनेक्टर सप्लायवर सोल्डर न करता मधे वायर हार्नेस द्या, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा सप्लाय आला तर फक्त हार्नेस बदलायचा. बाकीचं नंतर बोलू या, पुढचे वक्ते केव्हाचे उभे आहेत.