सहाव्या वर्षाची दाढ

(दृश्य : जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा, सकाळचं ऊन, पोरं रांगेत)

कॅमेरा जरा जवळ घ्या. अजून जवळ. हं, आता दिसतंय. खालच्या जबड्यात एकदम मागे, काळं भोक पडलेली दाढ. पोरगा सात वर्षांचा, दुसरीत. याच्या आजीला विचारलं तर ती म्हणते, "दुधाचा दात हाय तो, पडीन आपोआप, कायले हात लावता." एकट्या आजीला नावं ठेवायचं कारण नाही, गुरुजींनाही तेच वाटत होतं. पण हा दुधाचा दात नाहीये. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवीन दाढ येते आणि तिच्यासाठी आधी कुठला दात हलत नाही, पडत नाही, रक्त येत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. समोरच्या मधल्या दातापासून एका बाजूला मोजत गेलं की सहावी जागा तिची. सहावं वर्ष, सहावी जागा, एवढं लक्षात ठेवा. असल्या चार दाढा येतात, वर दोन आणि खाली दोन, आणि त्या आयुष्यभरासाठी असतात. यातली एक गेली की तिच्याजागी दुसरी येत नाही.

या पोराची एक वर्षभरातच पोखरली. का, ते बघायला त्याच्या घरी जावं लागतं.

(दृश्य : घराचं अंगण, चूल, ढोपराएवढा तुरीचा भारा)

आपण आहोत यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. गावाचं नाव सांगत नाही, कारण हे त्याच गावाचं आहे असं नाही, वर्धा घ्या, चंद्रपूर घ्या, थोड्याफार फरकाने हेच. दिवस कापूस वेचणीचे. माय सकाळीच वावरात जाते, वेचणीचे पैसे किलोवर मिळतात त्यामुळे जितक्या लवकर जाईल तितकं बरं, बाप ट्रॅक्टरवर, कधी हैदराबादकडे बांधकामावर. घरी आजी आणि तीन लेकरं. सकाळी चहा आणि त्यात बुडवलेला टोस्ट. धाकटं रडलं की पाच रुपयाचं बिस्कुट. शाळेतून आले की परत चहा. संध्याकाळी दुकानातून कुरकुऱ्याचं पाकीट, झोपताना धाकट्याला बाटलीत साखर घातलेलं दूध, नाहीतर नुसतं साखरेचं पाणी. आता शहरातला माणूस म्हणेल काय हो ही आजी, लेकराला फळ द्यायचं सोडून बिस्कुट देते. अहो पाच रुपयात कोणतं फळ येतं आणि साठी उलटलेली बाई एकटी तीन पोरं सांभाळताना रडणाऱ्या पोराला अजून कशाने गप्प करणार, पाच रुपयात तिच्या हाताशी जे आहे ते ती देते.

दाताचं गणित असं आहे की तोंडात जंतू सगळ्यांच्याच असतात, ते साखर आणि मैदा खाऊन आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लाने दातावरचं कवच विरघळतं. लाळ हे हळूहळू भरून काढते, पण तिला वेळ लागतो, अर्धा तास तरी धरा. दिवसातून दोनदा गोड खाल्लं तर लाळ निभावून नेते. पण चहा, मग बिस्कुट, मग परत चहा, मग पाकीट, असं दिवसभर थोडं थोडं सुरू राहिलं तर लाळेला सवडच मिळत नाही. म्हणजे किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. आणि रात्री झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे ती झोपतानाची बाटली सगळ्यात वाईट. छोट्या पोरांचे समोरचे वरचे दात आधी किडतात ना, ते बहुतेक त्या बाटलीनेच.

अजून एक गोष्ट, जी फारसं कोणी सांगत नाही. हे जंतू घरातूनच येतात. आजीच्या स्वतःच्या तोंडात किडलेल्या मुळ्या आहेत, ती घास चावून मऊ करून धाकट्याला भरवते, त्याच चमच्याने दूध चाखून बघते. म्हणजे माया आणि कीड एकाच चमच्यातून. त्यासाठी आजीने लेकराला भरवणं सोडावं असं नाही, आजीचे दात कोणीतरी बघायला पाहिजेत असं आहे. पण दातांच्या सगळ्या पोस्टरवर हसणारा छोटा मुलगाच का असतो, आजी का नसते?

(दृश्य : न्हाणीच्या भिंतीतला कोनाडा)

या कोनाड्यात काय काय आहे बघा. एक ब्रश, त्याचे केस दोन्हीकडे फाकलेले. तिघांत मिळून हाच. पेस्टची ट्यूब पार चेपलेली. एका पुडीत राखुंडी, आजी तीच वापरते. पूर्वेकडच्या गडचिरोली, गोंदिया पट्ट्यात गेलात तर अशा कोनाड्यात गुडाखूची डबी दिसेल, तंबाखू आणि गुळाचं ते मिश्रण दात घासायला म्हणून बायका हिरडीला लावतात आणि मग ते सुटत नाही. लेकरू रोज बघतं. कधीतरी दाढ दुखली की मोठं माणूसच सांगतं, दाब थोडी तंबाखू, बधिर होईल. तंबाखूशी पहिली ओळख अशी घरात, औषध म्हणून होते.

आणि मग खर्रा. विदर्भाबाहेरच्या लोकांना सांगायला हवं, खर्रा म्हणजे बारीक केलेली सुपारी, तंबाखू आणि चुना, पन्नीत टाकून तळव्याखाली चांगला घोटतात. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली, पण पानठेल्यावर समोर घोटून मिळणाऱ्या खर्ऱ्याचा ग्राहक काही कमी झाला नाही. आणायला कोण जातं? पोरगं. "जा रे, दोन घोटून आण." पैसे बापाचे, ऑर्डर बापाची, आणि पुडी पोराच्या हातात. पाचवी सहावीपर्यंत पोरगं वाटेत चिमूटभर तोंडात टाकतं. नुसती सुपारीही वाईटच, तिने तोंडातली आतली कातडी कडक होत जाते, तिखट लागलं की आग होते आणि हळूहळू तोंड उघडणंच कमी होतं. एक साधी तपासणी आहे, आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघायचं. आम्ही शाळेत गंमत म्हणून सगळ्यांना करायला लावलं. आठवीतल्या एका पोराची दोनच गेली, आणि तो हसत होता, त्याला वाटलं बोटं जाड आहेत. गडचिरोलीत 2016 पासून मुक्तिपथ नावाचं दारू-तंबाखू कमी करायचं काम सुरू आहे, गावागावात, आणि त्यातली मला पटलेली गोष्ट ही की ते पोराला एकट्याला धरून लेक्चर देत नाहीत, गावाला धरतात.

(दृश्य : हातपंप, एक मुलगी, दातांवर तपकिरी पट्टे)

आता इथे थोडं थांबू, कारण इथे भल्याभल्यांची फसगत होते. ही पोरगी सहावीत आहे, दातांवर पिवळे तपकिरी डाग आहेत, मास्तर वर्गात बोलतात, घासत नाहीस का. ती घासते. दोन वेळा घासते. यवतमाळ, चंद्रपूरच्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आत हवं, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त 1.5. दात हाडाच्या आत तयार होत असतात तेव्हा, म्हणजे पहिल्या आठेक वर्षांत, असं पाणी पोटात गेलं की दात उगवतानाच डाग घेऊन येतो. राखुंडीने घासा, मिठाने घासा, जाणार नाही, उलट दात झिजेल. आणि पाणी उकळून फ्लोराइड जात नाही बरं का, पाणी आटतं आणि ते अजून घट्ट होतं. ज्याच्या घरी पैसे आहेत तो कॅन आणतो. ज्याच्या घरी नाहीत त्याची पोरगी फोटो काढताना ओठ मिटून उभी राहते. आणि वर तिलाच अस्वच्छ म्हणतात! याचा मला मनापासून राग येतो.

मग फ्लोराइडची पेस्ट वापरायची की नाही, असं गावात हमखास विचारतात. थोडं फ्लोराइड दाताला बाहेरून लागलं तर कवच टिकतं, म्हणून ते पेस्टमध्ये घालतात. पेस्ट थुंकायची असते, पाणी गिळायचं असतं, फरक तिथे आहे. तीन वर्षांखालच्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहाला वाटाण्याएवढी, आणि घासून द्यायचं मोठ्या माणसाने. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावात लहान लेकरासाठी एकदा डॉक्टरांना विचारून घ्या.

(दृश्य : शाळेचं पोषण आहाराचं ताट, मुलगा एका बाजूने चावतोय)

आपल्या दाढवाल्या पोराकडे परत येऊ. तो कसा जेवतो बघा. सगळं उजवीकडे. ताटातला हरभरा वेचून बाजूला ठेवलाय, खिचडी तेवढी खाल्ली. घरी ज्वारीची भाकर असली तर वरणात कुस्करून, ती पण अर्धीच. माय म्हणते, "पोट्टं खातच नाही हो, अंगाला लागत नाही काई." रात्री दाढ ठणकते, तो रडतो, माय उठते, आणि सकाळी तिला परत वेचायला जायचंय. दुसऱ्या दिवशी पोरगं वर्गात पेंगतं. मास्तर म्हणतात लक्ष नाही.

लहान पोरांच्या दातांचा त्यांच्या जगण्यावर काय परिणाम होतो हे मोजायला जगभर वापरतात ती एक 13 प्रश्नांची यादी आहे. त्यातले 9 प्रश्न लेकराबद्दल, दुखतं का, गरम थंड पिता येतं का, झोप लागते का, शाळा बुडते का, हसायचं बोलायचं टाळतो का असे. पण उरलेले 4 घरच्यांबद्दल आहेत. आईबाप अस्वस्थ झाले का, त्यांना अपराधी वाटलं का, कामाला खाडा झाला का, पैशाचा ताण आला का. मी ते चारही प्रश्न या माऊलीला मराठीत विचारले. पहिल्या तीनवर तिने नुसती मान हलवली. चौथ्यावर म्हणाली, "ताई, खाडा झाला म्हंजे पैशाचा ताण आलाच ना, हे दोन येगयेगळे सवाल कायले?"

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालात आकडा आहे, जगात साधारण 51 कोटी लेकरांचे दुधाचे दात किडलेले. आणि देशोदेशीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा हेच येतं की ज्या घरात उत्पन्न कमी, आईचं शिक्षण कमी, तिथे कीड जास्त. हे वाक्य ऐकून लगेच "आई अडाणी म्हणून" असं म्हणायचा मोह होतो. पण शिक्षण म्हणजे इथे काय, तर ट्यूबवर फ्लोराइड लिहिलंय का ते वाचता येणं, दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर न घाबरता विचारता येणं, आणि एक दिवस सुट्टी मागता येईल असं काम असणं. यातलं तिसरं सगळ्यात महाग.

(दृश्य : रस्ता, एसटीची वाट बघणारी माणसं)

उपचाराचा रस्ता असा. दाढ सुजली, मेडिकलमधून गोळ्या आणल्या, सूज उतरली, झालं बरं. आतला पू कुठे गेला नाही, फक्त शांत बसला. काही ठिकाणी अजूनही रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातली अळी काढतात, पाण्यात पांढरं काहीतरी दाखवतात. दातात अळी नसतेच. पण त्या माणसाकडे गेलं की तो लगेच हात लावतो, नंबर लावायला लागत नाही, हे मान्य करायला पाहिजे. दुधाच्या दाताला उपाय कशाला म्हणत असाल तर दुधाच्या दाताच्या मुळाशीच पक्का दात तयार होत असतो, वरचा पू खाली पोचला तर तो डागाळून, खडबडीत येऊ शकतो.

सरकारी सोय आहे, नाही असं नाही. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे, त्याची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची पोरं तपासतात, दात त्यात आहेत. किडलेला दात दिसला की रेफर करून चिठ्ठी देतात. दात भरायला पुढे ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, नाहीतर नागपूरचं सरकारी दंत महाविद्यालय. या पोराला चिठ्ठी मिळाली होती. दप्तरात होती, चित्रकलेच्या वहीत, घडी न उघडलेली.

आणि एवढा लांबचा प्रवास प्रत्येक वेळी लागतोच असंही नाही. भोक छोटं असेल तर हाताच्या हत्याराने किडलेला भाग खरवडून त्यात ग्लास आयनोमर नावाचं सिमेंट भरतात, वीज लागत नाही, इंजेक्शन बहुतेक वेळा लागत नाही, शाळेच्या बाकावर होतं. मग होत का नाही सगळीकडे? कारण ते हाताने करणारा प्रशिक्षित माणूस त्या गाडीत नसतो. गाडीतले डॉक्टर तपासायला आलेले असतात.

(दृश्य : दुसरं घर, रात्री, बल्बखाली)

हे शेजारचं घर. शेत नाही, हीच मजुरी, तेच बोअरचं पाणी, पण दोन्ही पोरांच्या दाढा शाबूत. फरक काय, तर नववीतली मोठी बहीण. ती रोज जेवण झालं की दोघांना भिंतीला टेकून बसवते, हनुवटी धरते आणि स्वतः घासून देते, मागच्या दाढा सगळ्यात आधी. कुठे शिकली विचारलं तर म्हणे आशाताईने मिटिंगमध्ये सांगितलं होतं, मायला जमलं नाही म्हणून ती गेली होती. सात आठ वर्षांपर्यंत लेकराला स्वतःला नीट घासता येत नाही, हात वळत नाही, मोठ्यानेच घासून द्यावं लागतं, हे तिला माहीत आहे आणि ती करते. बघायला छान वाटतं. पण त्याच वेळी पोरीचं होमवर्कचं पुस्तक बाजूला पालथं पडलंय आणि बाप दोन हातांवर खाटेवर खर्रा खात बसलाय, ते पण कॅमेऱ्यात आलंय आणि आम्ही ते कापलेलं नाही.

तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आम्ही एकच मागणी टाकली. तपासणीची गाडी कामाच्या दिवशी अकरा वाजता येते, तेव्हा घरचं कोणी नसतं आणि चिठ्ठी दप्तरात राहते. ती गाडी बाजाराच्या दिवशी बोलवा. त्या दिवशी इथे बऱ्याच जणांची मजुरी बंद असते, माय गावात असते, आजी असते, पानठेल्यावर बाप पण असतो. पोराचं तोंड त्यांच्यासमोर उघडा, सहावी दाढ बोट ठेवून दाखवा, आणि तिथेच आजीचंही तोंड बघा. हेडमास्तरांनी अर्ज तालुक्याला पाठवलाय. पोराची दाढ अजून भरायची आहे, माय म्हणाली वेचणी आटोपली की नेते.