चार पोरं आणि एक वॉर्ड

सगळ्यांना नमस्कार. आधी एक विषय उरकून टाकते, कारण अमेरिकेतलं युटा राज्य म्हटलं की पहिला प्रश्न तोच येतो आणि विचारताना लोक आवाज बारीक करतात. नाही, तिथल्या मॉर्मन पंथाच्या लोकांना चार-चार बायका नसतात. एकोणिसाव्या शतकात काहींना होत्या, १८९० मध्ये चर्चनं ते बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि आता कुणी दुसरी बायको केली तर त्याला चर्चमधून काढून टाकतात. अजूनही ते करणारे छोटे फुटीर गट आहेत, टीव्हीवाल्यांना तेच आवडतात. झालं, संपलं. आणि हो, 'मॉर्मन' हे नाव २०१८ पासून चर्चला स्वतःला नकोसं झालंय, पूर्ण नाव घ्या म्हणतात, 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', पण तासभर एवढं लांबलचक नाव घेत बसले तर तुमची चहाची वेळ जाईल, म्हणून मी आपलं मॉर्मनच म्हणते.

मी धर्मावर बोलायला कुणी अधिकारी व्यक्ती नाही. मी शेजारीण आहे. आम्ही लीहायला राहतो, सॉल्ट लेक सिटी आणि प्रोव्होच्या मधे, आयटीमुळे आता तिथं मराठी घरं बऱ्यापैकी आहेत. आणि आमच्या गल्लीत जवळजवळ सगळे मॉर्मन. आमच्या भिंतीला लागून जे घर आहे तिथं चार मुलं, थोरली दहाची, मग मुलगा आठचा, मग पाचची एक आणि शेंडेफळ अडीच वर्षांचं. आम्ही एका लेकीत थकलेलो असायचो आणि ही बाई चार जणांना घेऊन रविवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून, वेण्या घालून, वेळेवर गाडीत. मला पहिली काही वर्षं वाटायचं ही बाई काहीतरी वेगळ्या मातीची आहे. तसं काही नाही. ती आपल्यासारखीच वैतागते, मुलांवर ओरडते, गॅरेजमध्ये जाऊन दोन मिनिटं एकटी बसते. फरक तिच्या मागं जे उभं आहे त्याचा आहे, आणि आज मला बोलायचंय ते त्याबद्दलच.

पण आधी सोमवार सांगते. सोमवारी संध्याकाळी आमच्या गल्लीत कुणाला काही विचारायला जायचं नसतं. ती त्यांची घरची संध्याकाळ, फॅमिली होम ईव्हनिंग. १९१५ साली जोसेफ एफ. स्मिथ चर्चचे प्रमुख होते तेव्हा घराघरात हे करा म्हणून पत्र निघालं आणि १९७० पासून सोमवार ठरून गेला, म्हणजे त्या संध्याकाळी चर्चनं स्वतःचे कार्यक्रमसुद्धा ठेवायचे नाहीत, लोकांना घरी राहू द्यायचं. आम्हाला एकदोनदा बोलावलं त्यांनी. भिंतीवर एक लाकडी पाटी, तिला हुक, हुकांच्या वर कामं लिहिलेली, प्रार्थना, गाणं, धडा, खेळ, खाऊ, आणि प्रत्येकाच्या नावाची चकती दर आठवड्याला एक हुक पुढं सरकते. अडीच वर्षांच्या बाळालाही चकती आहे. त्या दिवशी प्रार्थना बाळाच्या वाट्याला आली होती, तर त्यानं हाताची घडी घातली (ते हात जोडत नाहीत, घडी घालतात, म्हणजे शेजारच्याला चिमटा काढता येत नाही हा माझा अंदाज), आईनं कानात एकेक शब्द सांगायचा, त्यानं मोठ्यानं म्हणायचा, आणि मधेच त्यानं स्वतःच्या मनानं कुत्र्यासाठी आभार मानले. त्यांच्याकडे कुत्रा नाही. आमेन. मग थोरलीचा धडा, विषय खरं बोलणं, आणि धडा चालू असतानाच पाचवालीनं आठवाल्याला लाथ मारली, 'मी नाही मारली' म्हणाली, आणि बाप तोंडावर उशी धरून हसायला लागला. सगळा धडा मिळून दहा मिनिटंसुद्धा नाही. मग ब्राउनी.

मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, अरे यात काय विशेष, आपणही कधीतरी बसतो की सगळे एकत्र. तो म्हणाला कधीतरी आणि दर सोमवारी यात फरक आहे ना. आहे. छान नाही झालं तरी करायचं, पोरं भांडली तरी करायचं, आणि पुढच्या सोमवारी परत.

आता रविवार. चर्चमध्ये पहिला तास सगळ्यांचा एकत्र, अगदी तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत, पोरांना बाहेर ठेवायची पद्धत नाही. त्यामुळे आवाज किती विचारू नका. कुणीतरी माइकवर श्रद्धेबद्दल बोलतंय आणि खाली बाकांच्या ओळीतून चीरिओज, त्या ओट्सच्या छोट्या कड्या, घरंगळतायत, प्रत्येक आईच्या बॅगेत चीरिओजचा डबा आणि एक कापडी पुस्तक असतं, त्यात चेन लावा, बटण लावा, बुटाची नाडी बांधा असले उद्योग, आवाज न करता करायचे. प्रसादासारखे ब्रेडचे तुकडे आणि छोट्या पेल्यांतून पाणी ट्रेमध्ये फिरतं, बऱ्याच चर्चमध्ये असते तशी वाइन नाही, पाणी, आणि तो ट्रे घेऊन फिरतात ती बारा-तेरा वर्षांची मुलं, टाय थोडा वाकडा, चेहरा एकदम गंभीर. फारच रडारड झाली की बाप बाळाला उचलून बाहेरच्या पॅसेजमध्ये नेतो, तिथं पाच-सहा बाप बाळं खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत असतात, स्पीकरवर आतलं ऐकू येतं. मी तर म्हणेन रविवारचं खरं संमेलन तिथंच भरतं.

दुसऱ्या तासाला मुलं वेगळी. दीड वर्षापासून तीनपर्यंत नर्सरी, तीन ते अकरा प्रायमरी. आधी हा सगळा प्रकार तीन तासांचा होता, जानेवारी २०१९ पासून दोन तासांवर आणला आणि उरलेलं घरी शिका म्हणून पुस्तक दिलं. ज्यांना लहान मुलं आहेत त्यांना एक तास कमी झाला म्हणून हायसं वाटलं, आणि घरी शिकवायचं कुणी, तर ते बहुतेक ठिकाणी आईनंच, हे हळूहळू लक्षात आलं.

नर्सरी सांभाळतं कोण? इथं मुद्द्याला येते. त्यांच्यात गावपातळीवर पगारी पुजारी नाही. वॉर्ड म्हणजे एका भागातली काही शे माणसं, तुम्ही कुठं राहता त्यावर तुमचा वॉर्ड ठरतो, आवडीचा निवडता येत नाही. त्याचा प्रमुख, बिशप, म्हणजे कुणी डेंटिस्ट, कुणी शाळामास्तर, आपली नोकरी सांभाळून साधारण पाच वर्षं फुकट ते काम करतो. आणि बाकी सगळ्यांनाही एकेक काम नेमून दिलेलं, त्याला कॉलिंग म्हणतात, तुम्ही मागायचं नसतं, तुम्हाला बोलावून सांगतात. म्हणून नर्सरीत बघाल तर आठवडाभर सॉफ्टवेअर कंपनीत शंभर माणसांना कामाला लावणारा माणूस जमिनीवर मांडी घालून साबणाचे फुगे सोडतोय. का, तर बिशपनं सांगितलं.

शेजारणीचं चौथं बाळंतपण झालं तेव्हा मी बघत होते. रिलीफ सोसायटी ही बायकांची संघटना, १८४२ पासूनची, तिथून एक यादी फिरली आणि रोज संध्याकाळी साडेपाचला वेगळ्या घरची गाडी दारात, फॉइल लावलेला ट्रे, वर पेननं लिहिलेलं किती डिग्रीवर गरम करायचं. मोठ्या दोघांना शाळेत सोडायला कुणी वेगळंच. तिनं कुणाला फोन केला नाही, कुणाला विनंती केली नाही. आपल्याकडे आई नाहीतर सासू व्हिसा काढून सहा महिने येते तेव्हा बाळंतिणीचं होतं, इथं ते काम यादी करते. आणि आमच्या घरी बाळ आलं तेव्हा आमच्याही दारात ट्रे आला, आम्ही चर्चचे कुणी नसताना. फ्युनरल पोटॅटोज म्हणून एक पदार्थ असतो, नाव दचकवणारं आहे पण चव चांगली, किसलेला बटाटा, सावर क्रीम, चीज, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा, ओव्हनमधून काढलेला, मयताच्या जेवणाला असतो म्हणून ते नाव आणि बारशालाही चालतो. त्यात नेहमी चिकनचं सूप घालतात. तिनं आधी विचारलं, तुम्हाला चिकन चालत नाही ना, आणि मशरूमचं सूप घालून केलं, ट्रेवर चिकटपट्टी लावून त्यावर 'नो चिकन' असं तीनदा लिहिलेलं.

चहाचं सांगते. दारू, तंबाखू, चहा, कॉफी नाही, हा नियम १८३३ सालच्या उपदेशावरून आलेला. त्यामुळे त्यांचा आठ वर्षांचा मुलगा आमच्याकडे येतो तेव्हा माझ्या कपाकडे असा बघतो जशी काही मी त्यात रम ओतली आहे. एकदा वास घेऊन म्हणाला, आलं आहे ना यात? म्हटलं हो. मग आल्याचं वेगळं पाणी कर मला. केलं. साखर दोन चमचे घे म्हणाला, त्यावर मात्र काही नियम नाही. कोला चालतो, चर्चच्या मोठ्या विद्यापीठात, बीवाययूमध्ये, कॅफिनवाला कोला विकायला २०१७ उजाडावं लागलं पण चालतो, आणि युटात सोड्याची दुकानं अशी आहेत की आपल्याकडे टपऱ्या नसतील तेवढी. कोल्यात नारळाचं सिरप, लिंबू, क्रीम, हे एवढे मोठे ग्लास. दुपारी तीन वाजता शाळेबाहेरच्या गाड्यांच्या रांगेत प्रत्येक आईच्या हातात तो ग्लास, म्हणजे काहीतरी लागतंच माणसाला.

पैशाचं शिक्षण लवकर सुरू. कमाईचा दहावा भाग चर्चला, आणि हे मुलांनाही. पाचवालीकडे तीन बरण्या आहेत, एक दशांशाची, एक साठवणीची, एक खर्चाची. आजीनं एक डॉलर दिला की सुट्टे करून मागते, दहा सेंट पहिल्या बरणीत. चर्चकडे स्वतःकडेच अब्जावधी डॉलरची गुंतवणूक आहे आणि त्यातले शेअर्स नीट उघड केले नाहीत म्हणून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सिक्युरिटीज कमिशननं चर्च आणि त्याची गुंतवणूक संस्था यांना मिळून ५० लाख डॉलर दंड केला, हे मला ते दहा सेंट बघताना आठवतं. ती पोर मात्र ते नाणं इतक्या अभिमानानं टाकते की मी गप्प बसते.

आठवं वर्ष फार मोठं. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत, आठ वर्षांचं झालं की करतात, कारण तेव्हा बरंवाईट कळतं म्हणतात. शेजारच्या मुलाच्या वेळी आम्हीही गेलो. चर्चमध्येच एक मोठं हौद असतं, कोमट पाणी, बाप आणि मुलगा दोघं पांढऱ्या कपड्यांत, बाकीची पोरं अगदी काठापर्यंत येऊन बसलेली. अंग पूर्ण पाण्याखाली जायलाच हवं, दोन साक्षीदार डोळे लावून बघतात. २०१९ पर्यंत साक्षीदार पुरुषच असायचे, आता कुणीही बाप्तिस्मा झालेलं चालतं, म्हणून दहाची थोरली साक्षीदार होती. बापानं मुलाला मागं झुकवून बुडवला, वर काढला, सगळे हसतायत, आणि ही म्हणाली, अंगठा. पायाचा अंगठा वर राहिला होता. परत. भावानं तिच्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. आमची लेक गाडीत बसल्यावर विचारते, माझं कधी? आता तिला काय सांगायचं, तुझं बारसं झालंय म्हटलं, तर म्हणे त्यात मी जागी होते का?

पण हे सगळं इतकं गोड नाही. ज्या यादीवर जेवण येतं त्याच यादीवर तुमचं नाव आहे, म्हणजे तुम्ही दोन रविवार आला नाहीत तर चौकशी होते, मायेनंच होते पण होते. बाळाला नाव ठेवून आशीर्वाद देताना पुरुष गोल करून उभे राहतात, कारण पुरोहितपद फक्त पुरुषांना. नऊ महिने जिनं बाळ वाढवलं ती बाकावर बसून ऐकते. मी शेजारणीला विचारलं तुला काय वाटतं, ती म्हणाली मला चालतं, आणि थोड्या वेळानं म्हणाली, माझ्या बहिणीला चालत नव्हतं. बहीण चर्च सोडून गेली. थँक्सगिव्हिंगला येते, कॉफी गाडीत संपवून मग आत येते. आणि २०१५ मध्ये चर्चनं नियम काढला की आईबाप समलिंगी जोडपं असेल तर त्यांच्या मुलांचा आठव्या वर्षी बाप्तिस्मा करायचा नाही, २०१९ मध्ये तो मागं घेतला. पण मधल्या साडेतीन वर्षांत ज्यांची पोरं आठची झाली त्यांचं काय, वर्गातल्या सगळ्यांचं झालं आणि आपलं नाही, हे आठ वर्षांच्या पोराला कोण कसं समजावणार. आमच्या लेकीची 'माझं कधी' हसण्यावारी गेली, ती त्यांची गेली नसणार.

मगाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, त्या बायका नोकरी करतात का? करतात, आता बऱ्याच करतात. पण १९८७ मध्ये चर्चच्या तेव्हाच्या प्रमुखांनी आई झालेल्या बायकांना घरी राहायला सांगितलेलं, ते भाषण आजही आज्यांना आठवतं आणि त्या सुनांना आठवण करून देतात. शेजारीण आठवड्यातून दोन दिवस एका दवाखान्यात बिलिंगचं काम करते. नवरा मदत करतो का? भांडी घासतो, पोरांना झोपवतो, आपल्या बऱ्याच घरांपेक्षा जास्तच. फक्त त्यालाही कॉलिंग आहे ना, वॉर्डात कुणी घर बदललं की सामान चढवायला पुरुषांना मेसेज जातो आणि हा शनिवारी सकाळी हातमोजे घालून हजर, आणि चारही पोरं हिच्याकडे. गल्लीत भाड्याचा ट्रक वळताना दिसला की माझ्या पोटात गोळा येतो, असं ती मला म्हणाली, आणि त्याच दमात म्हणाली, तुम्ही कधी घर बदलणार असाल तर सांगा हं, मी त्याला पाठवते.