खिडकीसमोरचं पहिलं वर्ष

श्रोतेहो, नमस्कार. प्रवेशाच्या फेऱ्या आटोपत आल्यात. लातूर, बुलढाणा, सांगलीकडच्या मुली पुण्यातल्या वसतिगृहांत सामान लावतायत. मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून बरीच वर्षं काढली मी. पहिल्या वर्षी मुलगी मोठी होते ती वर्गात थोडी आणि ऑफिसच्या खिडकीसमोर जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे.

गावी तहसीलमध्ये जायचं तर वडील पुढे, ही मागे. बोलायचं वडिलांनीच. इथे महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड. बँकखात्याला आधार जोडलेलं नसलं की पैसे अडकले! धाराशिवकडची एक मुलगी होती. क्लार्क मान वर न करता म्हणायचा, "उद्या या," की ही परत. रांगेत कुणी मध्ये घुसलं तरी गप्प. दिवाळीनंतर तिचाच आवाज कानावर आला, "सर, काय काय कमी आहे ते चिठ्ठीवर लिहून द्या ना, एकदाच सगळं आणते." बाई भांडली नाही, हटलीही नाही. चिठ्ठी मिळाली.

मेसच्या खाड्याचंही तेच. गावी जाणार असाल तर आदल्या दिवशी काकूंना सांगायचं, मग बिलातून तेवढे पैसे वजा होतात. पण सांगायचं कसं, या संकोचापायी न जेवलेल्या दिवसांचे पैसे मुकाट भरणाऱ्या मुली दरवर्षी असतात.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. निरनिराळ्या जातींची मुलं तिथे एका पंगतीला बसायची, आपली कामं आपणच करायची. पैशांची ओढाताण झाली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. मुलांना राबवणं ही तिथली काटकसर होती खरी, पण शिक्षणही तेच होतं. आता पैसे मोजले की कपडेसुद्धा धुऊन, घड्या घालून दारात येतात. मला ते फारसं रुचत नाही. असो.

पालकांनो, रात्री फोनवर "जेवलीस का?" जरूर विचारा. "मी बोलू का तुमच्या सरांशी?" एवढं मात्र टाळा. तिला बोलू द्या. अडखळेल, एखादी फेरी फुकट जाईल, जाऊ दे.

मात्र मुलगी जेवत नसेल, झोपत नसेल, खोलीबाहेर पडेनाशी झाली असेल, तर 'होईल सवय' म्हणून बसू नका. 14416 हा टेलीमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. फोन मोफत, मराठीतही बोलता येतं. आणि मुलींनो, रेक्टरचं दार वाजवायला वेळ बघू नका. गेटची वेळ टळल्यावर कोण येतंय हे बघायला आम्ही जाग्याच असतो.